रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय? ठाणे–नवी मुंबईत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीला राहतो, नोकरी करतो. तिशीत असताना पगारातून पैसे साठवून राष्ट्रीय मोटार रेसिंग स्पर्धेच्या सर्वांत खालच्या फॉर्म्युला वर्गात (उघड्या चाकांच्या, एका सीटच्या गाड्या) तीन हंगाम गाडी चालवली. जिंकलो काहीच नाही. तरी सोसायटीत, ऑफिसात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी आपल्या मुलाला पुढे ढकलतं, "याला जरा सांगा, याला रेसर व्हायचंय." प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून ठेवतोय.

प्रोफेशनल रेसिंग ड्रायव्हर नक्की कुणाला म्हणायचं?

ज्याला गाडी चालवायचे पैसे मिळतात, त्याला. व्याख्या सोपी आहे, पण तिच्यात बसणारे फार थोडे. टीव्हीवर ग्रिडमध्ये, म्हणजे शर्यत सुटण्याच्या रांगेत, उभ्या दिसणाऱ्या पुष्कळ गाड्यांमधले ड्रायव्हर स्वतः पैसे भरून किंवा स्पॉन्सरचे पैसे आणून बसलेले असतात. फॉर्म्युला वनच्या खालच्या (फॉर्म्युला ४, ३, २ अशा) जवळपास प्रत्येक पायरीवर हाच रिवाज आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्याशीच येऊन थांबतील. क्रिकेटमध्ये मुलगा गल्लीत, मैदानात, भिंतीवर चेंडू मारून हजारो तास फुकट सराव करतो. इथे सराव विकत घ्यावा लागतो. प्रत्येक लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, पेट्रोल, टायर आणि ट्रॅकचं भाडं लागतं. त्यामुळे कुणाला किती लॅप मिळाले आणि त्याने त्यांतून काय काढलं, यावर बरंच काही ठरतं.

मुलगा सात वर्षांचा आहे. लवकर होतंय का?

नाही. सुरुवात कार्टिंगने होते, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींनी. रोटॅक्स कंपनीचं इंजिन लावलेल्या कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धेत मायक्रो मॅक्स नावाचा वर्ग याच वयाच्या आसपासच्या मुलांसाठी आहे, त्यावर ज्युनिअर, मग सिनिअर. युरोपातली मुलं या वयात शनिवार–रविवार ट्रॅकवर असतात. फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या नारायण कार्तिकेयन किंवा करुण चंडोक यांच्या घरी मोटरस्पोर्ट आधीपासून होता. कार्तिकेयनचे वडील स्वतः रॅली ड्रायव्हर. घरात हे वातावरण नसलेल्या मुलाने सात–आठव्या वर्षी सुरुवात केली तर ती वेळेवर झाली म्हणायची.

मात्र मुलाला आवडतंय की बाबांना, हे तपासा. सोपी कसोटी सांगतो. उन्हात दोन तास रांगेत थांबून दहा मिनिटं चालवायला मिळाल्यावर तो "पुन्हा कधी?" विचारतो की "खायला काय आहे?" विचारतो, ते बघा. दुसरा प्रश्न वाईट नाही. फक्त मग एवढा खर्च कशाला?

मॉलमध्ये असतं तेच कार्टिंग ना?

नाव एक, गाडी वेगळी. भाड्याच्या कार्टला बहुतेक ठिकाणी फोर–स्ट्रोक इंजिन असतं, २७० सीसीचं म्हटलं तर नऊ अश्वशक्तीच्या आतबाहेर. गाडी जड, भोवती बंपरचं कडं, टायर कडक. स्पर्धेच्या रोटॅक्सचं इंजिन आहे १२५ सीसीच, पण टू–स्ट्रोक, आणि सिनिअर वर्गात त्याची ताकद तिसाच्या आसपास जाते. गाडी मात्र हलकी. पहिल्यांदा बसलेल्या माणसाच्या बरगड्या दोन दिवस ठणकतात. म्हणून रिब प्रोटेक्टर घालतात.

कार्टला सस्पेन्शन नसतं आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शिअलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, म्हणजे दोघांनी सारख्याच वेगाने फिरायचं. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. हे भांडण सुटणार कसं? आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचलून. स्टिअरिंगची रचनाच अशी असते की हात वळवला की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तिरकी पिळते आणि मागचं आतलं चाक हलकं होतं. ज्याला ते चाक उचलता येत नाही, त्याची कार्ट वळणावर खरडत, अडखळत जाते. सीट दोन सेंटिमीटर पुढेमागे केली तरी हे गणित बदलतं. दहा वर्षांचं पोर "मागून अडकतेय" असं मेकॅनिकला सांगतं, तेव्हा ते गाडीचं म्हणणं ऐकायला शिकलेलं असतं. पुढे फॉर्म्युला कारमध्ये बसल्यावर हेच कामाला येतं. कार्टिंगला रेसिंगची बालवाडी म्हणतात ते यासाठी, स्वस्त आहे म्हणून नव्हे.

ठाणे–नवी मुंबईत रेसिंग ट्रॅक कुठे आहे?

कुठेच नाही. भाड्याचे कार्टिंग ट्रॅक आपल्या पट्ट्यात आणि मुंबईत उघडतात, बंद होतात, मॉलबरोबर जागा बदलतात. जायच्या आधी फोन करा. एकेकाळी जुहूच्या विमानपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. आज तिथे नुसतं फिरायला जाऊ म्हटलं तरी कुणी आत सोडणार नाही.

महाराष्ट्रात कार्टिंगचं खरं वेड बघायचं असेल तर कोल्हापूर. रांगडं गाव, पण तिथल्या पोरांनी राष्ट्रीय कार्टिंगमध्ये नाव काढलंय, आणि तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. राष्ट्रीय कार्टिंगची मोठी घडामोड बेंगळुरूकडे चालते.

मोटारींच्या शर्यतींसाठी बहुधा दक्षिणेला जावं लागतं. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचा आहे. कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. उत्तरेत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचा, तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. आम्ही कुर्ल्याहून सुटणारी कोईमतूर एक्सप्रेस ठाण्याला पकडायचो. दोन रात्री गाडीत, एक हेल्मेट बॅग, आणि डब्यातल्या प्रत्येकाचा प्रश्न, "यात काय आहे हो?"

पाम बीच रोडवर रात्री मित्र रेस लावतात. तो सराव धरता येईल का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ आई–वडिलांना किंवा गाडीच्या मालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. घोडबंदर रोड, अटल सेतू, येऊरचा रस्ता, सगळीकडे हेच.

कायदा बाजूला ठेवला तरी पाम बीचवर शिकण्यासारखं काय आहे? सरळ रस्त्यावर पाय दाबायला कौशल्य लागत नाही. तिथे तुम्ही ब्रेक मारायला शिकत नाही, तेच वळण पन्नास वेळा घेत नाही, आणि वेळ मोजणारं कुणी नसतं. त्याला लॅप म्हणत नाहीत.

लायसन्स कुठलं लागतं? आरटीओचं चालेल?

एमएच–०४ किंवा एमएच–४३ वाल्या आरटीओचं लायसन्स रस्त्यासाठी. शर्यतीसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, या संस्थेचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. तिचं मुख्यालय चेन्नईत आहे आणि जागतिक संघटना एफआयए तिलाच मानते. वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो, मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती. बंदिस्त ट्रॅकवर चालवायला आरटीओचं लायसन्स नसलं तरी चालतं, म्हणून पंधरा वर्षांची मुलं फॉर्म्युला ४ चालवू शकतात. रॅलीत मात्र शर्यतीच्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना सार्वजनिक रस्त्यावरून जावं लागतं. तिथे दोन्ही हवीत.

कार्टिंगनंतर पुढची पायरी कोणती?

भारतात दोन दारं आहेत. एक जुनं, जेके टायर आणि एमआरएफच्या राष्ट्रीय स्पर्धांचं. त्यात एलजीबी फॉर्म्युला ४ या छोट्या सिंगल–सीटर गाड्या येतात, १३०० सीसी इंजिन, सगळ्यांना सारखी गाडी. कोईमतूरच्या एलजी बालकृष्णन कंपनीवरून नाव पडलं. नावात ४ असला तरी ही एफआयएची फॉर्म्युला ४ नव्हे. हा घोळ इतका होतो की मुलाच्या शाळेच्या फलकावरसुद्धा चुकीचं लिहिलेलं पाहिलंय.

दुसरं दार २०२३ पासून उघडलं: एफआयएची मान्यता असलेली इंडियन फॉर्म्युला ४ स्पर्धा. गाडी फ्रान्सच्या मायगेल कंपनीची, कार्बनची. इथे मिळालेले गुण सुपरलायसन्सच्या हिशोबात धरले जातात.

सुपरलायसन्स म्हणजे फॉर्म्युला वनचा परवाना. त्यासाठी तीन हंगामांत मिळून ४० गुण, सर्वसाधारणपणे १८ वर्षं वय, आणि गंमत म्हणजे रस्त्यावरचं साधं लायसन्सही लागतं. फॉर्म्युला ४ जिंकणाऱ्याला १२ गुण मिळतात, फॉर्म्युला ३ जिंकणाऱ्याला ३०, आणि फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांना प्रत्येकी ४०. म्हणजे भारतातली फॉर्म्युला ४ जिंकून झाल्यावरही युरोपात जावंच लागतं.

मुंबईच्या जेहान दारुवालाचा रस्ता बघा. इथेच कार्टिंग शिकला, २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमने देशभर मुलं शोधली त्यात निवडला गेला, लहान वयातच ब्रिटनमध्ये राहायला गेला. २०२० मध्ये बहरीनमधल्या साखीरला फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. मॅकलारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही दिली. तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. पुढे मासेराटीकडून फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेत गेला. इतकं सगळं जमूनही असं होतं. आणि तरी तो पूर्ण अर्थाने प्रोफेशनल आहे. फॉर्म्युला वन म्हणजेच यश, हे डोक्यातून काढल्याशिवाय या खेळाकडे नीट बघता येत नाही. बेंगळुरूचा अर्जुन मैनी जर्मनीच्या डीटीएम या मोटार शर्यतींच्या मालिकेत चालवतो. एन्ड्युरन्स (तासन्‌तास चालणाऱ्या शर्यती) आणि टूरिंग कार (रस्त्यावरच्या मोटारींवरून बनवलेल्या गाड्या) यांतही पोट भरतं.

खर्च किती येतो? खरं सांगा.

हाच प्रश्न लोक शेवटी विचारतात, तोही हळू आवाजात. पहिला विचारा.

राष्ट्रीय कार्टिंगचा हंगाम लाखांत जातो, युरोपातला कोटींत. फॉर्म्युला २ ची एक जागा वर्षाला वीस लाख युरोंच्या वर सहज जाते. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून मी खर्चाचे रकाने सांगतो. टीमकडे जाऊन प्रत्येकासमोर रक्कम लिहून घ्या. प्रवेश फी. चासी आणि इंजिनचं भाडं. टायरचे संच, सरावाचे वेगळे आणि शर्यतीचे वेगळे. पेट्रोल–ऑइल. मेकॅनिक. सरावाच्या दिवसांचं ट्रॅकभाडं. प्रवास, मुक्काम, जेवण, आणि मूल लहान असेल तर सोबत येणाऱ्या आई किंवा बाबांची बुडालेली रजा.

आणि तो रकाना जो कुणी सांगत नाही: डॅमेज. बहुतेक टीम गाडी भाड्याने देतात, आणि धडक झाली की तुटलेल्या भागांचं बिल ड्रायव्हरच्या नावावर फाटतं, चूक कुणाची का असेना. माझ्या दुसऱ्या हंगामात मागून एक जण येऊन आदळला. तो तसाच पुढे निघून गेला, मी वाळूत अडकलो, आणि सस्पेन्शनचं बिल मला आलं. मी टीमशी वाद घातला, तेव्हा त्यांनी मीच सही केलेला कागद दाखवला. सही करण्यापूर्वी तो कागद वाचा. डॅमेजची वरची मर्यादा ठरवून घेता येते, पण मागितली तरच.

राहता फ्लॅट गहाण टाकावा का?

नाही. फॉर्म्युला वनमधल्या एस्तेबान ओकोनच्या आई–वडिलांनी घर विकलं आणि कुटुंब कॅरॅव्हॅनमध्ये राहिलं, ही गोष्ट प्रत्येक बाप मला सांगतो. ज्यांची घरं विकली आणि मुलगा कुठेच पोचला नाही, त्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

दरवर्षीचा आकडा आधी ठरवा आणि तो संपला की त्या वर्षापुरतं थांबा. अर्धा हंगाम पूर्ण ताकदीने चालवलेला बरा. बारा शर्यती जुन्या टायरवर रडतखडत काढल्या तर मुलाला वाटतं आपणच हळू आहोत.

स्पॉन्सर कसा मिळतो?

"मुलाच्या स्वप्नाला मदत करा" म्हणून गेलात तर गणपतीची वर्गणी मिळते तेवढं मिळेल. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला किंवा घोडबंदरच्या बिल्डरला गाडीवरच्या स्टिकरचं कौतुक नसतं; चेन्नईत पळणारी गाडी त्याचं गिऱ्हाईक बघणारच नाही. त्याला काय हवंय ते विचारा. डीलरांचं स्नेहसंमेलन कार्टिंग ट्रॅकवर भरवून मुलाने त्यांना शिकवलं तर? कारखान्यात सुरक्षा सप्ताहाला ब्रेक आणि प्रतिक्रियेच्या वेळेवर अर्धा तास बोलला तर? एका मुलाला अशाच एका कार्यक्रमातून वर्षभराचे टायर मिळाले. त्याचं मराठी वक्तृत्व चांगलं होतं, हा भाग वेगळा.

भाड्याच्या कार्टवर सराव करून काही उपयोग होतो का? मी रविवारी मित्रांबरोबर जातो आणि पहिला येतो.

मित्रांना हरवणं बंद केलंत तर उपयोग होतो.

गर्दी नसलेली वेळ निवडा, शक्यतो आठवड्यातली सकाळ. कार्टचा नंबर वहीत लिहा, कारण भाड्याच्या दोन कार्ट कधीच सारख्या नसतात. आज हळू होतात ते तुम्ही की गाडी, हे नंतर कळायला हवं. मग एकच वळण निवडा. आधीच्या सरळ रस्त्यावर एक खूण शोधा, टायरच्या भिंतीवरचा रंग, सिमेंटची भेग, काहीही. पहिले पाच लॅप बरोबर त्याच खुणेवर ब्रेक. पुढचे पाच, हातभर पुढे. जिथे गाडी वळणाच्या आतल्या टोकाला पोचेनाशी होते, तिथून एक पाऊल मागे या.

नवशिक्यांना वाटतं जो सर्वांत उशिरा ब्रेक मारतो तो शूर. उशिरा ब्रेक मारून तो वळणात वेगाने घुसतो खरा, पण मग बाहेर पडताना गाडी सरळ व्हायची वाट बघत बसतो, आणि पुढचा अख्खा सरळ पट्टा त्या उशिराची किंमत मोजतो. लांब सरळ रस्त्याआधीचं वळण सर्वांत महत्त्वाचं, कारण तिथे मिळालेला वेग शेवटपर्यंत बरोबर येतो. डोळे पुढच्या चाकावर ठेवू नका. वळणात शिरताना बाहेर पडायची जागा दिसत असली पाहिजे.

शेवटी वेळेचा कागद मिळतो, त्यावर सगळे सर्वांत जलद लॅप बघतात. तुम्ही सर्वांत जलद आणि सर्वांत हळू लॅपमधला फरक बघा. पहिला लॅप सोडून हा फरक अर्ध्या सेकंदाच्या आत आला की तुम्ही मुद्दाम काहीतरी करताय. त्याच्या आधी जे होतं तो योगायोग. मोठ्या स्पर्धेत मुलं कार्टवर बसवायचे टायमर आणि त्यांनी टिपलेला वेगाचा डेटा वापरतात, पण त्यातही बघायचं हेच असतं.

पावसाळ्यात काय करायचं?

चालवायचं, उघडा ट्रॅक सुरू असेल तर. राष्ट्रीय हंगाम साधारण पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे चालतो आणि चेन्नईचा पाऊस तर उशिराच येतो, म्हणजे ओला ट्रॅक भेटणारच. कोरड्यात सगळे ज्या ओळीवरून जातात तिथे टायरचं रबर बसलेलं असतं. पाऊस पडला की तेच रबर तेलासारखं निसरडं होतं. म्हणून ओल्यात जाणते ड्रायव्हर नेहमीची ओळ सोडून वळणाच्या बाहेरच्या खरखरीत भागात पकड शोधतात. ज्याने हे आधी कधी केलेलं नाही, त्याला ते वेड्यासारखं वाटतं.

घरी सिम्युलेटर घेतला तर?

घ्या. एवढे स्वस्त लॅप दुसरीकडे मिळत नाहीत. गेम खेळणाऱ्यांतून रेसर निवडणारी निसानची जीटी अकॅडमी स्पर्धा ब्रिटिश तरुण यान मार्डनबरो २०११ मध्ये जिंकला आणि खऱ्या ट्रॅकवर गेला. फॉर्म्युला वनचा मॅक्स व्हर्स्टापेन आजही रात्री सिमवर बसतो.

मोठ्या स्क्रीनवर पैसे घालू नका, ब्रेक पेडलवर घाला. किती सरकलं ते मोजणारं पेडल नको, किती जोर लावला ते मोजणारं, लोड सेलचं घ्या. पायाला खऱ्या गाडीत जोराचीच सवय लागते. पार्श्वभागाला जाणवणारी घसरण मात्र सिम शिकवत नाही. आणि भिंतीला धडकल्यावर तिथे डॅमेजचं बिल येत नाही, म्हणून वाईट सवयीही लागतात.

शरीर किती तयार लागतं?

कार्टमध्ये हात आणि बरगड्या, फॉर्म्युला गाडीत मान. वळणावर हेल्मेटसकट डोकं बाहेर ओढलं जातं, ते मानेने धरायचं. फॉर्म्युला २ ला तर पॉवर स्टिअरिंगही नाही. चेन्नईच्या उकाड्यात तीन थरांचा अग्निरोधक सूट घालून नाडी बराच वेळ दीडशेच्या वर असते. आपल्याकडे याची तयारी आयती आहे: मे महिन्यात दुपारी दीडची पनवेल लोकल. विनोद बाजूला, पोहणं, पळणं आणि मानेचे व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करा. चष्मा चालतो. वजनाची काळजी करून मुलाला उपाशी ठेवू नका, कारण बहुतेक वर्गांत गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन ठरलेलं असतं.

मुलींसाठी वेगळी स्पर्धा असते का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि ते बरंच आहे. मुलं–मुली एकाच ग्रिडमध्ये. मुंबईच्या स्नेहा शर्माने विमानाची पायलट असताना फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यती केल्या. २०२३ पासून मुलींसाठी एफ१ अकॅडमी ही स्वतंत्र मालिका आहे, पण तिथे पोचायचा रस्ता मिश्र कार्टिंगमधूनच जातो. ट्रॅकवर मुलींसाठी कपडे बदलायला नीट जागा आहे का, हे आईने आधी जाऊन बघावं. अनेक ठिकाणी नसते आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

दहावी आहे. वर्षभर थांबवू का?

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी–मार्चमध्ये, हंगाम त्याआधी संपलेला. म्हणून पूर्ण थांबवायची गरज नसते. शाळेशी आधी बोला आणि तारखा लेखी द्या. गैरहजेरी फार होणार असेल तर मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे. फक्त "तो रेसर होणार, त्याला गणित कशाला" म्हणू नका. डेटा वाचणं म्हणजे आलेख वाचणं.

वय २४, महापेला आयटीत आहे. उशीर झाला का?

फॉर्म्युला वनसाठी, हो. डेमन हिल एकतिसाव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला आणि १९९६ चा विश्वविजेता झाला हे खरं, पण तो काळ वेगळा आणि त्याचे वडीलही विश्वविजेते.

रॅलीसाठी मात्र उशीर झालेला नाही. तिथे वय पिकलेलं चालतं. तीनदा आशिया–पॅसिफिक रॅली स्पर्धेचा विजेता झालेल्या गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. पुण्याचे संजय टकले वयाच्या पन्नाशीतही रॅलीत आहेत. नाशिककडे रॅलीची जुनी परंपरा आहे. सुरुवात वेळ–वेग–अंतराच्या रॅलीने करा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाने ठरल्या वेळेत पोचायच्या. तिथे स्वतःची साधी गाडी चालते आणि शेजारी बसलेल्या को–ड्रायव्हरचं गणित पक्कं लागतं. बायकोला बसवाल तर आधी विचार करा.

अकॅडमी खरी की खोटी, कसं ओळखायचं?

मी स्वतः एकदा एका दिवसाच्या "प्रोफेशनल रेसर" कोर्सला पैसे भरले होते. सकाळी पीपीटी, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी प्रमाणपत्र. ट्रॅकवर मिळाले सहा लॅप. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: या पैशांत ट्रॅकवर किती मिनिटं, आणि त्यानंतर माझा डेटा माझ्याबरोबर बसून कोण बघणार? नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर बिर्याणी बाहेर स्वस्त मिळते.

जीव जाण्याचा धोका आहे का?

आहे. २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांच्या मोटरसायकल रेसरचा शर्यतीत मृत्यू झाला. मान सांभाळणारं हॅन्स, डोक्याभोवतीची हॅलो कमान, अग्निरोधक कपडे यांनी मोटारींमधला धोका खूप कमी झालाय, शून्य नाही. स्पर्धेच्या कार्टला सीटबेल्ट नसतो, हे ऐकून आया घाबरतात. कार्ट उलटली तर ड्रायव्हर तिच्याखाली बांधलेला राहू नये, म्हणून तो नसतो. हेल्मेट मात्र कधीही जुनं किंवा कुणाचं वापरलेलं घेऊ नका. आणि ज्या ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी दिसत नाही, तिथून पैसे बुडाले तरी परत या.

ड्रायव्हर नाहीच झालो, तर?

प्रत्येक गाडीमागे मेकॅनिक, डेटा इंजिनिअर, टायरवाला, टीम मॅनेजर असतात आणि त्यांना पगार मिळतो, जो ड्रायव्हरला बहुधा मिळत नाही. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट किंवा बाहा टीम गाठा; या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायच्या स्पर्धा. आयआयटी मुंबईची रेसिंग टीम ब्रिटनमधल्या स्पर्धेत गाडी घेऊन जाते. काहीच जमत नसेल तर मार्शल व्हा: झेंडा हातात, वळणापासून काही फुटांवर उभं राहून फुकटात सर्वांत चांगली शाळा.

तुम्ही का थांबलात?

पैसे संपले. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी कारीवर माझ्यात आणि पुढच्या मुलात लॅपला आठ दशांश सेकंदाचा फरक होता. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता आणि माझ्या दसपट लॅप मारून आला होता. तो फरक कुठे पडतोय ते मला माहीत होतं: दोन वळणं, दोन्हीकडे ब्रेक लवकर सोडायला मी घाबरत होतो. परतीच्या गाडीत वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब मांडला. ती भीती घालवायला साधारण किती सरावाचे दिवस लागतील, आणि त्यांचं भाडं, टायर, पेट्रोल. बेरीज माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी आली. सोलापूरच्या पुढे मी ती पुन्हा एकदा करून बघितली. तेवढीच आली. ठाण्याला उतरून ऐरोलीची लोकल पकडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कामावर होतो.